बोरन्हाणातली बोलपट्टी

मल्हारच्या डोक्यावर हलव्याचा मुकुट काही केल्या बसेना. कानामागे चिकटवलेली बोलपट्टी मध्ये येत होती. मीनलताईंनी ती अलगद सोडवली आणि हातातल्या बोरं-चुरमुऱ्यांच्या ताटातच ठेवून दिली. आत्याबाईंना भाच्याचा मुकुट महत्त्वाचा.

सांगलीतल्या त्या फ्लॅटमध्ये शेजारपाजारची सगळी चिल्लीपिल्ली जमली होती. खरं तर मल्हारचं बोरन्हाण गेल्याच संक्रांतीला व्हायचं, पण तेव्हा त्याच्या आईला, ऋतुजाला, चार माणसांत यावंसंच वाटत नव्हतं. पोरगं अडीच वर्षांचं झालं तरी तोंडातून अक्षर काढत नव्हतं. जो तो सल्ला देई. जिभेला वेखंड लावा. मुलगे उशिराच बोलतात. तुम्हीच त्याच्याशी बोलत नसाल. हे शेवटचं तिला फार लागलं होतं. कान तपासले, ते ठणठणीत निघाले. वाचा-उपचार करणाऱ्या बाई म्हणाल्या, "त्याच्याशी खेळा, वेळ लागेल." तेवढा धीर तिच्याकडे उरला नव्हता.

मग बोलपट्टी आली. मेंदूकडून जिभेकडे आणि घशाकडे निघालेले संकेत ती आवाज फुटण्याआधीच टिपायची आणि लहान मुलाच्या आवाजात बोलून दाखवायची. पहिल्याच संध्याकाळी ती म्हणाली, "आई, पाणी." ऋतुजाने पेला भरला आणि ओट्याशी उभी राहून पोटभर रडली. मल्हार ते पाणी प्यायला की नाही, हे तिला आता आठवत नव्हतं. उपचारवाल्या बाईंकडे जाणं त्यानंतर बंदच झालं.

"चला, बसा रे पोरांनो!" मीनलताईंनी ताट मल्हारच्या डोक्यावर रिकामं केलं. बोरं, चुरमुरे, उसाचे करवे, चॉकलेटं सगळीकडे सांडली. पोरं तुटून पडली.

"आई, बघ, किती बोरं!"

सगळ्यांनी टाळ्या पिटल्या. ऋतुजाही हसली. मग तिला दिसलं, मुकुटाखालचा कान मोकळा होता. मल्हार मान खाली घालून एक चुरमुरा बोटांत धरून बघत होता. आवाज पाटाशेजारच्या ढिगातून येत होता.

"आई, मला अजून हवीत!" ढीग म्हणाला.

तिने चुरमुरे उपसून पट्टी काढली आणि आतल्या खोलीत नेली. तिचा नवरा तन्मय मागोमाग आला. त्याने कंपनीला फोन लावला.

"संकेत कमी पडले की ती अंदाजाने बोलते, सर," पलीकडची मुलगी गोड आवाजात म्हणाली. "घरातलं बोलणं ऐकून. आईबाबांना काय ऐकायला आवडतं, हे ती हळूहळू शिकते."

"मग आमच्या मुलाचं त्यात किती?"

"ते नाही सांगता येणार, सर. मुलागणिक वेगळं असतं."

तन्मयने फोन ठेवला. "काहीतरी तर त्याचं असेलच ना गं," तो म्हणाला. "लाव परत. बाहेर सगळे वाट बघतायत."

ऋतुजाला राग यायला हवा होता. आला नाही. झोपताना रोज ऐकलेलं 'आई, तू मला खूप आवडतेस' आठवलं, तरी आत काहीच हललं नाही. दात काढताना भूल दिलेल्या हिरडीसारखं सगळं बधिर झालं होतं.

मल्हार दारात आला. मुकुट एका बाजूला कलला होता. त्याने एक बोर तिच्यापुढे धरलं. असं तो पूर्वीही करत असेल; पट्टी आल्यापासून ती त्याच्या हातांकडे बघायचीच नाही, नुसती ऐकायची.

"आई, रडू नकोस," तिच्या मुठीतली पट्टी म्हणाली.

ऋतुजा रडत नव्हती. तिने मूठ घट्ट आवळली आणि मल्हारसमोर गुडघे टेकले.

"काय म्हणायचंय बाळा तुला?"

मल्हारने तोंड उघडलं. तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं, मग मुठीकडे, आणि आपण काय म्हणतो ते ऐकायला तो थांबला.