उत्तराचं नाक आणि मावशीची कढई

"अहो, थांबा! मान खाली!"

मुलुंडच्या भर फुटपाथवर, औषधाच्या दुकानासमोर, उत्तरा आभाळाकडे तोंड करून नाकात स्प्रे मारत होती. ती दचकली. काउंटरमागचा तरुण चक्क धावत बाहेर आला होता.

"असा मारलात तर सगळं औषध घशात जातं. मान किंचित खाली... उजव्या नाकपुडीला डावा हात, टोक बाहेरच्या बाजूला. आणि जोरात ओढू नका हं, हळूच श्वास."

"तरीच कडू लागायचं!" उत्तरा चोंदलेल्या आवाजात म्हणाली. मग का कोण जाणे, तिने त्याला सगळंच सांगून टाकलं. रस्ताभर सातवीण फुलली, परागकणांची ॲलर्जी उसळली, नाक ठप्प! राधामावशी मालवणी मसाल्याचा घरगुती धंदा तिच्या हाती सोपवणार होती, आणि उत्तराबाईंनी भाजताना दोन घाणे जाळले. वासच येईना, तर करणार काय?

"मावशी म्हणते, 'मसालो नाकान भाजूचो असता गो, घड्याळान न्हय.' पंधरा दिवसांनी दिवाळीची ऑर्डर. तीही जळली, तर धंदा बंद... माझी वाट लागली!"

"नाही लागणार. मी देवव्रत. नंबर द्या, रोज सकाळी आठवण करून देईन."

आणि खरंच, रोज आठला मेसेज – आधी 'मारलात?', दोन दिवसांनी 'मारलास?' तिचं उत्तर – 'मारला.' पाचव्या दिवशी मात्र ती दुकानात येऊन भडकली. "काही फरक नाही रे!"

"रोजच्या रोज मारला तरच लागू पडतो. दोन आठवडे तरी दे ना."

"स्प्रेला... की तुला?"

देवव्रतचे कान लाल झाले. "दोघांनाही."

ऑर्डरच्या दिवशी कढईत धणे पडले. मावशी हाताची घडी घालून उभी. उत्तराने डोळे मिटले. काहीच नाही... काहीच नाही... आणि आला! खमंग, लहानपणापासूनचा वास!

"झालं!" ओरडून तिने गॅस बंद केला. मावशीने चिमूटभर धणे नाकाशी धरले आणि आपला झारा, म्हणजे धंदाच, तिच्या हातात दिला. उत्तराला आनंदाने रडूच कोसळलं.

तेवढ्यात दारातून औषधांच्या दुकानाचा वास आला, त्यात केसांना चोपडलेलं माक्याचं तेल.

"ये, देवव्रत," मागे न बघताच ती म्हणाली.

तो हसला, मग अडखळला. "फुलं गळली की डॉक्टर स्प्रे बंद करतील. मग मी... रोज सकाळी काय विचारू?"

"मला आवडतोस का, ते विचार ना!"

"आवडतो?"

"खूप!"

"अगो, मिरच्यो कोण भाजतलो?" मावशी गरजली.

"मी!" उत्तराने गॅस पेटवून ऐटीत मिरच्या कढईत टाकल्या, आणि पहिली शिंक आली ती देवव्रतला.