लेडी मरियनची घंटा

नगराध्यक्ष हॉब यांनी चोर आधीच पक्का केला होता. संध्याकाळी फौजदार येणार आणि म्हाताऱ्या एनो लाहतीला घेऊन जाणार, एवढंच बाकी होतं.

"बोटीवर चढायची फळी एकच, तिच्या फाटकाची किल्ली एकाच्याच गळ्यात," हॉब म्हणाले. "मग घंटा काय पाखरू होऊन उडाली?"

लेडी मरियन ही या किनाऱ्यावर उरलेली शेवटची प्रवासी आगबोट. एके काळी नवी जोडपी तिच्यावरून ह्युरॉन सरोवराच्या सफरीला निघत. पुढे मोटारी आल्या, आगीचे नवे कायदे आले, आणि आता बर्फ वितळला की तिला ओढून भंगारात नेणार होते. पितळी घंटा तेवढी गावाला मिळायची होती. आज, गुरुवारी, हॉब ती उतरवायला आले. घंटेवर बांधलेली ताडपत्री सोडली, तर आत उलटी बादली!

एनोनं तिच्या भट्टीत तीस वर्षं कोळसा घातला होता. आता हिवाळ्यात तो तिचा राखणदार होता.

"तुरुंगाला मी भीत नाही, बाई," तो गुप्तहेर व्हेरा पेटिग्रूला म्हणाला. "पण मरियनला लुटणारा म्हणून मला मरायचं नाही."

"मरायचं नंतर बघू, एनोकाका. घंटा शेवटची कधी पाहिलीत?"

"काल. रोज बघतो, डोळ्यांत तेल घालून."

"घंटा बघता की ताडपत्री?"

"ताडपत्री," एनोनं कबूल केलं. ताडपत्री त्यानं डिसेंबरात बांधली होती. त्यानंतर ती सोडायचं त्याला कारणच पडलं नव्हतं.

व्हेराबरोबर तिच्या बहिणीचा नवरा वेंडेल होता. औषधाचं दुकान बंद करून तो हौसेनं तपासाला यायचा. मरियनच्या स्वयंपाकघरात वाळत घातलेले एनोचे लाल मोजे पाहून त्यानं नाक मुरडलं आणि खिडकीतून बाहेर पाहिलं. समोर कार्व्हर या मालवाहू बोटीची काळी भिंत होती. ती मरियनला खेटूनच बांधलेली होती.

"भाऊजी, चला त्या भिंतीवर," व्हेरा म्हणाली.

शिडी चढता चढता वेंडेलला धाप लागली. वरून खाली पाहिलं, तर मरियनचं नुसतं छप्पर दिसत होतं.

कार्व्हरचा राखणदार मॉर्ली टेट पाइप ओढत उभा होता. "बाई, माझ्यावर संशय असेल तर आधी ही उंची बघा. ती घंटा दोन माणसांनाही इथवर उचलता यायची नाही."

"ते खरंच. हिवाळा कसा गेला?"

"बसून! बोटीच्या पोटात गहू भरून पडलो होतो. सोमवारी ओढणाऱ्या टगबोटींनी बर्फ फोडून धान्याच्या कोठीखाली नेलं, गहू उपसला आणि पुन्हा इथं आणून बांधलं. अजून शिंका येतात."

"एनो कसा माणूस आहे?"

"झोपाळू! परवा संध्याकाळी मी इथंच कठड्याला टेकलो होतो. म्हातारबुवा शेगडीपुढं पेंगत होते, डोक्यावर लाल मोजे लोंबत होते. असल्याच्या हाती बोट दिली, तर दुसरं काय होणार?"

"बरोबर आहे," वेंडेल म्हणाला. "मोजे मीही पाहिले."

"वा, भाऊजी!" व्हेरा हसली. "आता हॉबसाहेबांना वर बोलवा. फौजदारांनाही."

दोघं आले, तेव्हा व्हेरानं त्यांना कठड्याशी उभं केलं. "मॉर्लीभाऊ इथून परवा एनोकाकांना पाहत होते. तुम्हाला स्वयंपाकघराची खिडकी दिसते?"

"छपरानं झाकलीय," हॉब म्हणाले.

"पण मोजे तर खरे आहेत!" वेंडेल गोंधळला.

"खरेच. म्हणजे मॉर्लीनं ते पाहिले, पण परवा इथून नाही. सोमवारच्या आधी पाहिले. तेव्हा बोटीच्या पोटात गहू होता आणि त्या वजनानं ती खोल बसली होती. दोन्ही डेक समोरासमोर! इथून थेट खिडकीत दिसायचं, आणि मधे फळी टाकली की एकटा माणूसही घंटा ओढून आणू शकायचा. म्हातारा पेंगतोय एवढं बघायचं, पलीकडे जायचं, ताडपत्रीत बादली ठेवायची."

मॉर्लीचा पाइप विझला होता.

"गहू उपसल्यावर बोट वर आली आणि याला आयती साक्ष मिळाली. त्यानं ती उंची आपणहून दाखवली, पण आदली उंची विसरला. वाढवून सांगायच्या नादात एनोकाकांना मंगळवारी झोपवलं आणि स्वतः अडकला."

"विकत घेणारा होता," मॉर्ली पुटपुटला. "म्हाताऱ्याचं काय, बोट गेली की तोही जाणारच होता."

वेंडेलला त्याची किळस आली. चोर सोडून संन्याशाला सुळी देणाऱ्यांत मघाशी आपणही होतो, हे आठवून त्याला स्वतःचीही लाज वाटली.

कार्व्हरच्या पुढच्या टोकाला, नांगराच्या साखळीखाली, पोत्यात गुंडाळलेली घंटा सापडली. फौजदारांनी मॉर्लीला खाली नेलं आणि एनो वर आला.

हॉब यांनी घसा साफ केला. "एनो, झालं गेलं विसर. घंटा आता नगरपालिकेत ठेवू. तिथं सुरक्षित राहील."

"नाही," एनो म्हणाला.

"अरे, करारच आहे."

"करार बोट गेल्यावरचा. अजून ती मोडलेली नाही. तिला ओढून नेतील त्या दिवसापर्यंत मी तिचा राखणदार आहे, आणि घंटा तिच्या जागी राहील." त्यानं एक बाजू धरली. वेंडेल पुढे झाला, तसा त्यानं हातानंच त्याला थांबवलं. "तुम्ही नको, साहेब. ज्यांनी मला चोर म्हटलं, त्यांनी दुसरी बाजू धरायची."

खाली धक्क्यावर माणसं जमली होती. हॉब यांनी त्यांच्याकडे पाहिलं, मग एनोकडे. आपला चांगला कोट काढून त्यांनी वेंडेलच्या हातात दिला आणि वाकून घंटेची दुसरी बाजू धरली.