माकडतोंडी ऑर्किड आणि लाल ओठ

सभागृहाच्या दारातच यादिराची टक्कर झाली, तीही कुणाच्या तरी पाठीशी. कुंडी सांभाळत तो माणूस उलटा चालत आत येत होता.

"अहो, मागे डोळे बसवून घेतलेत का?"

तो वळला. त्याच्या झाडावर ओठ फुलले होते... लालचुटुक, चंबू केलेले, आत्ताच रंगवल्यासारखे. आणि यादिराच्या टोपलीच्या बुडातून ऑर्किडची फुलं लोंबत होती. प्रत्येकाच्या मधोमध माकडाचं इवलंसं तोंड. टकामका बघणारं.

"तुमची माकडं मला हसतायत," तो म्हणाला.

"हसत नाहीयेत. त्यांनी ओळखलंय तुम्हाला."

तो खो खो हसला. त्याचं नाव विल्मर. खालच्या, समुद्राकडच्या दमट रानातून आला होता. यादिरा वरची, ढगांतल्या गावातली. इक्वेडोरभरची नवलाची फुलं या प्रदर्शनात दर वर्षी जमत, आणि नंबरात आलेल्यांना राजधानीच्या वनस्पती उद्यानात वर्षभर जागा मिळे. त्यासाठी यादिराने चार वर्षं ही टोपली वाढवली होती.

त्यांची टेबलं शेजारी-शेजारी आली. पहिल्या दिवशी विल्मरने माकडांचा वास घेतला.

"पिकल्या संत्र्याचा वास? माकडांना?"

"आंघोळ करतात ती. काही माणसांसारखी नसतात."

दुसऱ्या दिवशी त्याने मक्याच्या पानात वाफवलेल्या हुमिता आणल्या, दोघांत तीन. तिसरी अर्धी तोडताना बोटाला बोट लागलं. दोघंही जरा वेळ... झाडांकडेच बघत राहिले.

"हे ओठ किती दिवस टिकतात?" तिने विचारलं.

"थोडेच. मधून पांढरं फूल आलं की यांचं काम संपलं."

"म्हणजे वेळेत बोलायला हवं," यादिरा म्हणाली. विल्मरचे कान ओठांच्या रंगाचे झाले.

तिसऱ्या दिवशी, ऐन परीक्षणाच्या वेळी वीज गेली. पंखे थांबले. ढगांत वाढलेली माकडं उकाड्याने माना टाकू लागली. यादिरा पाणी फवारत होती, पण हात पुरेनात. विल्मर आला आणि पुठ्ठ्याने वारा घालू लागला. परीक्षक त्याच्या टेबलापाशी आले, माहिती सांगायला कुणी नाही असं पाहून पुढे निघाले. त्याने ते बघितलं. पण पुठ्ठा थांबला नाही.

"विल्मर! जा ना!"

"माकडांची शुद्ध हरपेल."

यादिराने फवारा त्याच्या हातात कोंबला, धावत जाऊन मुख्य परीक्षक बाईंना गाठलं आणि त्याच्या टेबलापाशी आणलं. मग सगळं सांगितलं — ते ओठ म्हणजे पाकळ्या नव्हेत, रंगलेली पानं. त्यांच्या लालीवर हमिंगबर्ड येतात. बाई लिहिता लिहिता थांबल्या.

"तुम्ही यांच्या कोण?"

"अजून विचारलं नाही त्यांनी," यादिरा खणखणीत आवाजात म्हणाली.

माकडं दुसरी आली, ओठ तिसरे. दोघांनाही उद्यानात जागा मिळाली.

संध्याकाळी पायऱ्यांवर विल्मर रिकामे हात खिशात घालून उभा होता. "यादिरा, मला... म्हणजे तुम्हाला जर..."

"तू मला आवडतोस," ती म्हणाली. "झालं. आता तू बोल."

"मी तर पहिल्याच दिवशी..." तो हसत सुटला. "पण तू वर, मी खाली. पाच तासांचा घाट."

"एका रविवारी मी येईन, एका रविवारी तू ये."

"आणि ढगांनी रस्ता बंद झाला तर?"

"तर ज्याच्या घरी असू, तिथेच राहायचं."

विल्मरने घाटाकडे बघितलं. ढग भराभरा खाली उतरत होते. त्याने तिचा हात धरला.

"तुझ्या गावाची बस किती वाजता आहे?"