राखण्याचा वसंत

बनाई दुधाची बाटली घेऊन वाघरीत शिरली, ती सकाळपासूनची पाचवी खेप होती. वाघर म्हणजे मेंढरांभोवती ताणलेली जाळी. आत अकरा कोकरं होती आणि त्यांतली सात उपाशीपोटी ओरडत होती. पंधरा दिवसांपूर्वी चौदा होती. बनाईचे डोळे चुरचुरत होते, मनगटं दुखत होती, आणि बारा वर्षांच्या मुलीनं इतकं दमावं हे तिचं तिलाच पटत नव्हतं.

कोडं साधं होतं. कोकरं धडधाकट जन्मली होती, मेंढ्यांना रोग नव्हता. पण आयांच्या कासेत दूधच नव्हतं, कारण माणदेशाच्या माळावर वैशाखात गवताची काडी नव्हती. मग कोकरं नेमकी वैशाखातच का जन्मली?

आई आदल्या दिवशी म्हणाली होती की पुढच्या वर्षीही असंच झालं तर मेंढरं देऊन टाकायची. ती रागानं बोलली असती तर बनाईला एवढी भीती वाटली नसती. ती भाकरी थापता थापता, मान वर न करता बोलली होती.

वाघरीशेजारी राखण्या उभा होता. गावच्या संस्थेनं आणलेला हा यंत्रमानव (माणसासारखी कामं करणारं यंत्र) लांडगे हाकलायचा, मेंढरं मोजायचा आणि गेल्या वर्षापासून मेंढ्याचं फडकंही तोच सोडायचा. नर मेंढ्याच्या पोटाखाली फडकं बांधलं की माद्या गाभण राहत नाहीत. नको त्या दिवसांत कोकरं होऊ नयेत म्हणून बनाईच्या घरात ही युक्ती पणजीपासून चालत आली होती.

फडकं कधी सोडलंस, असं बनाईनं त्याला विचारलं. मार्गशीर्षात, तो म्हणाला. मेंढीचा गर्भकाळ (पिल्लू पोटात असण्याचा काळ) पाच महिन्यांचा. बनाईनं बोटं दुमडत मोजलं: पौष, माघ, फाल्गुन, चैत्र, वैशाख.

"पण मार्गशीर्षातच का सोडलंस?"

"कोकरं वसंतात जन्मावीत असा नियम आहे. वसंतात कोवळं गवत उगवतं," राखण्या म्हणाला. "सध्या वसंत आहे."

बनाईनं माळाकडं पाहिलं. एक बोरीचं झुडूप सोडलं तर हिरवं म्हणून काही नव्हतं. तिला हसू यायला हवं होतं, पण हसायलाही अंगात जोर लागतो.

सुबरावआजा लिंबाखाली एका कोकराला मांडीवर घेऊन बसला होता. मेंढ्यांच्या संशोधन केंद्रात त्याची उभी हयात गेली होती. बनाईनं सांगितलेलं सगळं त्यानं ऐकून घेतलं. आपण हे आधी का विचारलं नाही, याचं त्याला वाईट वाटत असावं.

"नियम खोटा न्हाई, पोरी," तो म्हणाला. "त्यो दुसऱ्या मुलखाचा हाय."

मग त्यानं सावकाश समजावलं. राखण्याचं ज्ञान थंड देशात लिहिलं गेलं होतं. तिथं हिवाळ्यात जमीन बर्फाखाली असते. बर्फ वितळलं की गवत येतं, तो तिथला वसंत. तिथल्या मेंढ्या उजेडावरून वेळ ओळखतात. उन्हाळा सरून रात्री लांबत गेल्या की मेंदूतली एक इवलीशी ग्रंथी जास्त संप्रेरक (शरीरात निरोप पोचवणारं द्रव्य) सोडते आणि मेंढी माजावर येते, म्हणजे गाभण राहायला तयार होते. पुढं पाच महिन्यांनी वसंत असतो. आपल्याकडं मात्र सर्वांत मोठ्या आणि सर्वांत लहान दिवसात जेमतेम दोन तासांचा फरक. म्हणून आपल्या मेंढ्या उजेडापेक्षा चाऱ्याकडं बघून चालतात. भाषांतर करणाऱ्यानं तिथल्या ऋतूला आपला शब्द लावला. शब्द बरोबर होता, पण इथल्या वसंतात गवतच नसतं.

"मग आपल्याकडं गवत कवा असतं, ते तूच सांग," आजा म्हणाला.

ते बनाईला कुणी शिकवायची गरज नव्हती. आषाढाच्या सरींनी थोडी हिरवळ फुटते, पण मोठा पाऊस उशिरा येतो, म्हणून पोटभर चारा आश्विनापासून माघापर्यंत असतो. कोकरं मार्गशीर्षात व्हायची, तर तिथून पाच महिने मागं गेलं की आषाढ. पण रोडावलेली मेंढी नीट माजावर येत नाही, आधी तिला चार दिवस हिरवं खाऊ द्यायला हवं, अशी आजानं भर घातली.

बनाई राखण्याकडं गेली. "वसंत पुसून टाक. आषाढ लागला की गवत बघ आन मगच फडकं सोड."

किती उंच गवताला गवत म्हणायचं, असं त्यानं विचारलं.

"मेंढीचं खूर झाकलं की."

उत्तर सापडलं, पण उत्तरानं पोट भरत नाही. बाटल्यांच्या खेपा चालूच राहिल्या. वैशाख संपता संपता आणखी एक कोकरू गेलं आणि बनाई आजाच्या धोतरात तोंड खुपसून खूप रडली.

मार्गशीर्षातल्या एका सकाळी ती सवयीनं बाटली भरून वाघरीत गेली. काल जन्मलेल्या कोकरापुढं तिनं बाटली धरली. त्यानं तोंड फिरवलं. त्याच्या ओठांवर दुधाचा फेस होता, आणि त्याची आई बनाईकडं बघून पाय आपटत होती.

शेजारच्या सात गावांतल्या यंत्रमानवांनी आपल्याकडून खुराचं माप मागून घेतलंय, असं राखण्या सांगत होता. प्रत्येक जण आता आपापल्या माळावरचं गवत बघणार होता. बनाईनं ते अर्धंच ऐकलं. ती मेंढीला टेकून बसली आणि बसल्या जागी झोपली.

आईनं तिच्या हातातून बाटली हळूच काढून घेतली. हिला उठवू नकोस, असं राखण्याला बजावलं, आणि ती उन्हात बसून नवी, मोठी वाघर विणू लागली.