कागदावरचा मालक

आयडेलाने सही केली, पेन टेबलावर ठेवलं, आणि ज्या घरात ती जन्मली, जिथे आईवडिलांचं दुखणंखुपणं तिने एकटीने काढलं, ते घर एका क्षणात धाकट्या भावाचं झालं!

दुसरा इलाजच नव्हता. अमेरिकेतल्या न्यू बर्न गावातलं हे घर त्यांच्या पणजोबांनी, गुलामीतून सुटलेल्या त्या मानी सुताराने, स्वतःच्या हातांनी उभारलेलं. आता छप्पर गळत होतं. अशी ऐतिहासिक घरं दुरुस्त करणाऱ्या मालकाला सरकार आयकरात सवलत देई. पण आयडेलाच्या तुटपुंज्या पेन्शनवर करच नव्हता, तर सवलत कशातून मिळणार? शार्लट शहरात बक्कळ कमावणारा धाकटा थर्मन मात्र भरपूर कर भरत होता... लग्नाचा विचारही दूर सारून जपलेलं सर्वस्व तिने त्याच्या ओंजळीत टाकलं.

सवलतीचा अर्ज गेला, आणि पंधरवड्यातच थर्मन कामगार घेऊन दारात हजर!

"काढा रे त्या कुजक्या खिडक्या! प्लॅस्टिकच्या बसवा."

"खबरदार!" आयडेला खिडकीसमोर उभी राहिली. "अरे, मंजुरीआधी कामाला हात लावलास, पणजोबांच्या खिडक्या फेकल्यास, तर सवलत गेलीच समज!"

"अगं बाई, तुला थंडी वाजू नये म्हणूनच करतोय ना! आणि घर आता माझ्या नावावर आहे, विसरलीस?"

हेच ऐकायला का आयुष्य वेचलं?... तिचे डोळे भरून आले, पण मान ताठच राहिली.

"आहे ना तुझ्या नावावर. म्हणूनच सांगते थर्मन, तुझं घर मी तुला मोडू देणार नाही!"

थर्मनचा चेहरा उतरला. त्याने कामगारांना परत पाठवलं.

"चुकलो गं, आयडेला..."

"चुकलास खरा. मंजुरी आली की जुने कपडे घालून ये. रंग खरवडायचाय."

आणि तो आला! दर शनिवारी दोघं भावंडं भांडत, हसत त्या खिडक्या खरवडत राहिली.

काम संपल्यावर सरकारी अधिकारी बाई पाहणीला आल्या. "मालक आपणच ना?" त्यांनी थर्मनला विचारलं.

"कर मी भरतो, बाई." थर्मन म्हणाला. पोर्चवर भेंडी चिरत बसलेल्या बहिणीकडे त्याने अभिमानाने पाहिलं. "मालकीण त्या तिथे बसल्यात. आत जायचं तर त्यांना विचारा."

आयडेलाचा ऊर भरून आला. ती सावकाश उठली, तिने एप्रनला हात पुसले आणि दार उघडलं.

"या ना," ती म्हणाली, "पण पाय पुसून हं! माझ्या घरात सगळेच पाय पुसून येतात."