चौथं कडवं

"माझ्या माणसाचं गाणं दुसऱ्याच्या नावानं वाजतंय, ताई. त्यांचं नाव तेवढं परत आणा."

पद्मावतीबाईंनी वही टेबलावर ठेवली. त्यांचे यजमान, गीतकार श्रेणिक चौगुले, दिवाळीनंतर दवाखान्यात दाखल झाले आणि तिथंच वारले. आता त्यांचं गाणं सिनेमात होतं, निर्माता विजयसिंहच्या नावावर. सोमवारी कोर्टाची तारीख होती.

खासगी गुप्तहेर संयोगिता इंगवले वही चाळू लागली. मदतनीस धैर्यशील मागून डोकावला. गडी दणकट, पण डोकं बैलगाडीच्या चालीचं.

"वहीत तीन कडवी आहेत. सिनेमात चार," संयोगिता म्हणाली.

"चौथं त्यांचं न्हाय. मी कधी ऐकलंच न्हाय."

"दवाखान्यात सोबत कोण असायचं?"

"आत एकालाच सोडायचे. दिवसरात मीच. सांजच्याला घरी जेवून यायची, तेवढा वेळ आमचा पोरगा अरिहंत बसायचा." ऊन उतरलेलं पाहून बाई लगबगीनं उठल्या. "येते. आम्हा जैनांना दिवस मावळायच्या आत जेवायचं असतंय. चाळीस वर्षं आम्ही दोघं एकदमच पानावर बसलो. आता एकच पान."

धैर्यशीलला उगाचच अपराध्यासारखं वाटलं.

दुसऱ्या दिवशी विजयसिंहनं आपल्या कचेरीत, गाणं नावासकट विकल्याचा करार दोघांच्या पुढ्यात आपटला. "बघा की! गणपतीत सही केलीय त्यांनी. चारी कडवी सहीच्या वर छापल्याती. कोर्टात तोंडावर पडशीला!"

धैर्यशीलनं चौथं कडवं वाचलं:

"दिस बुडाया आधी उठते, येते दिवेलागणीला,
दोन घडीचं पोरकेपण ठेवून जाते उशाला."

"चोरून भेटणारी प्रेयसी दिसतेय," तो म्हणाला.

बाहेर अरिहंत भेटला. विजयसिंहच्या नव्या सिनेमाचा सहायक दिग्दर्शक. "अप्पांच्या गाण्यातलं मला काय कळतंय?" तो म्हणाला. "दवाखान्यात तर त्यांनी गाण्याचं नावबी काढलं न्हाय."

"सही खरी आहे. खेळ खलास," परतताना धैर्यशील पुटपुटला. संयोगिता चौथं कडवं गुणगुणत होती. तिचं असं गुणगुणणं त्याला कधीच शुभ वाटत नसे.

रविवारी दुपारी ती पद्मावतीबाईंच्या घरी गेली. अरिहंतही होता.

"बाई, चौथं कडवं तुमच्याच यजमानांचं आहे. त्यातली बाई कुणी प्रेयसी नाही. दिवस बुडायच्या आत उठून जाणारी आणि दिवेलागणीला परतणारी ती तुम्ही."

बाईंनी "येते दिवेलागणीला" हळूच म्हणून पाहिलं.

"घरी तुम्ही दोघं एकत्र जेवत होता, त्या वेळी तुम्ही त्यांना सोडून जायचं कारणच नव्हतं. ते घडलं फक्त दवाखान्यात, दिवाळीनंतर. मग गणपतीतल्या करारात हे कडवं आलं कुठून? करार मागची तारीख टाकून केलाय. आणि तुम्ही नसताना आत एकच माणूस असायचा."

धैर्यशीलनं मान वळवली. अरिहंतचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"अप्पांनी कडवं मलाच सांगितलं हुतं. दवाखान्याच्या कागदांत कोरा कागद सरकवून त्यांची सही घेतली," तो अखेर म्हणाला. "विजयसिंह म्हणाले, पडद्यावर सहायक दिग्दर्शक म्हणून तुझं नाव येईल. दहा वर्षं दारोदार हिंडत हुतो, आई."

बापाचं नाव पुसून पोरानं आपलं मिळवलं होतं. धैर्यशीलला त्याची चीड आली, कीवही आली.

 मग बाईंनी विचारलं, "कडवं सांगून झाल्यावर ते काय म्हणाले?"

"म्हणाले..." अरिहंत हुंदके देऊ लागला. "आईला आजच म्हणून दाखव, म्हणाले."

"आन् तू?"

त्यानं तोंड ओंजळीत लपवलं.

बाई संयोगिताकडे वळल्या. "उद्या कोर्टात किती वाजता यायचं, ताई?"