पुसलेली ड्राइव्ह

ज्यांना ही थाप वाटेल त्यांनी खुशाल थाप समजावी. मला कुणाची समजूत घालायची हौस नाही. भुताखेतांच्या गोष्टी सांगणाऱ्यांची मी जन्मभर टर उडवली. आता माझी उडवा.

मंगळवार होता. दुपारचे सव्वातीन. जागा म्हणजे माझ्या मामींचा मशीन-भरतकामाचा कारखाना. दुसऱ्या मजल्यावरची एक लांबट खोली, चार मशीन, सहा बायका.

मी कॉम्प्युटर दुरुस्त करतो. सोळा वर्षं झाली. लोक रडत येतात, "सगळे फोटो गेले हो!" मी विचारतो, दुसरी कॉपी कुठाय? की लगेच छताकडे बघतात. असल्यांची मला काडीचीही दया येत नाही.

मामांना जाऊन तेव्हा आठ महिने झाले होते. शाळांचे बॅज, हॉटेलांच्या टॉवेलांवरची अक्षरं... बावीस वर्षांत त्यांनी कॉम्प्युटरवर अकराशे चाळीस डिझाइनं केली होती. टाका न् टाका स्वतः बसवलेला. कारखाना त्या डिझाइनांवरच चालायचा. आणि ती सगळी एकाच एसएसडी ड्राइव्हमध्ये, तळहाताएवढ्या डबीत. मशीन तिच्यातूनच डिझाइन वाचायच्या.

दुसरी कॉपी नव्हती. कारण ती मी करून देणार होतो.

मामांनी तीनदा सांगितलं होतं. मी तीनदा "हो हो, बघतो" म्हणालो होतो. मामांना माझ्याबद्दल काय वाटायचं ते त्यांनी कधी लपवलं नाही. दीडशहाणा म्हणायचे, तेही माझ्या आईसमोर.

तर मामींचा फोन आला. "अरे, ती ड्राइव्ह मधेच दिसेनाशी होते. काढून लावली की परत दिसते. भरवसा ठेवू की बदलू?"

"यात विचारायचं काय, मामी? बदलायची. जुन्या हार्ड डिस्क मरायच्या आधी कुरकुरायच्या तरी. ही एक दिवस गपकन जाईल."

मी गेलो. जिन्यात मशीनचा आवाज येत होता. खटखटखटखट...

मी दारात पाय ठेवला...

चारही मशीन थांबल्या.

"गेली बघा ड्राइव्ह पुन्हा," मशीनवर बसलेल्या ताई मामींना म्हणाल्या.

"केबल सैल असेल," मी म्हणालो. मनात म्हटलं, या बायकांना केबल आणि परकराची नाडी सारखीच.

ड्राइव्ह दुकानात आणली. माझ्या टेबलावर ती मुकाट दिसली. अकराशे चाळीस फाइली. काम सोपं होतं. जुन्या ड्राइव्हची हुबेहूब नक्कल नव्या ड्राइव्हवर उतरवायची. स्क्रीनवर दोन रकाने भरायचे, कुठून आणि कुठे.

मी तेव्हा फोनवर एका गिऱ्हाइकाला झापत होतो. मूर्ख, बेजबाबदार, काय काय म्हणालो. झापता झापता बटण दाबलं.

पन्नास मिनिटांनी 'पूर्ण' असं आलं.

नवी ड्राइव्ह उघडली... रिकामी.

जुनी उघडली...

रिकामी.

रकाने उलटे भरले होते. मी रिकामी ड्राइव्ह भरलेल्या ड्राइव्हवर उतरवली होती.

मग आतली जागा न् जागा वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर लावलं. शून्य. शून्य. शून्य. पहिल्यापासून शेवटपर्यंत दुसरं काही नाही. एसएसडीवर एवढं झालं की त्यातून काहीही परत येत नाही. हे वाक्य मी गिऱ्हाइकांना मोठ्या तोऱ्यात ऐकवतो.

दुसऱ्या दिवशी सांगायला गेलो. खरंच, सांगायलाच गेलो होतो.

"झालं का? आण इकडे," म्हणत मामींनी जुनी ड्राइव्ह माझ्या हातातून घेतली आणि ताईंना दिली. ताईंनी केबल लावली.

खट...

खटखट...

चारही मशीन सुरू झाल्या.

मी धावत जाऊन स्क्रीनकडे पाहिलं. अकराशे चाळीस.

माऊसला हात लावला... यादी गेली.

हात काढला. ताईंनी माऊस धरला... यादी आली.

कॉम्प्युटर बंद करून चालू केला. केबल बदलली. ड्राइव्ह माझ्या लॅपटॉपला लावली तर शून्य. ताईंकडे दिली की खटखटखटखट. असं चारदा केलं. मामींना म्हटलं, तुम्ही स्वतः नव्या ड्राइव्हवर कॉपी करा. मी शेजारी उभा राहिलो. एकही फाइल उतरली नाही.

सोळा वर्षांत जे काही शिकलो त्यातलं काहीही इथे लागू पडत नव्हतं.

"झालं तुझं नाचून?" मामी म्हणाल्या. "आता नीट ऐक. नऊ हजार बॅजांचं काम आलंय. उद्या होकार कळवायचाय. सहाजणींची पोटं आहेत यावर. एकदा सरळ सांग, भरवसा ठेवू की बदलू?"

मी सांगितलं. रकाने, फोन, शून्यं, सगळं.

कुणीही मान वर केली नाही. मशीन चालूच होत्या.

"काल पुसलीस?"

"हो."

"आणि आज ड्राइव्ह हातात देताना गप्प बसलास?"

"बोलणारच होतो..."

मामींनी मला वरून खालपर्यंत पाहिलं. माझ्याच गिऱ्हाइकांकडे मी जसा बघतो ना, अगदी तसं. ओरडल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

"ती जाते, पण परत येते," त्या म्हणाल्या. "ती राहू दे. मी दुरुस्तीवालाच बदलते."

नऊ हजार बॅज वेळेत गेले. आज तीन वर्षं झाली, कारखाना चालू आहे. मामींनी खरंच दुसरा दुरुस्तीवाला शोधला. तो मला एकदा बाजारात भेटला. हसत होता. "अहो, ठणठणीत आहे ती ड्राइव्ह! वीस मिनिटांत दोन कॉप्या काढून दिल्या. तुम्ही काय करत होतात नक्की?" मी उगाच घड्याळ बघितलं आणि सटकलो.

त्या दोन कॉप्यांपैकी एक मामींनी सुरक्षित राहावी म्हणून आमच्या घरी ठेवायला दिली. आईच्या कपाटात आहे.

गेल्या रविवारी आई बाहेर गेली होती. न राहवून मी ती काढून लॅपटॉपला लावली.

शून्य. पहिल्यापासून शेवटपर्यंत.

खरंच रिकामी आहे, की फक्त मला दिसत नाही? खरंच रिकामी असेल आणि उद्या तिकडच्या दोन्ही बंद पडल्या, तर त्या सहाजणींचं काय? सांगायला हवं. पण माझ्यावर विश्वास कोण ठेवणार?

मी ती पुन्हा साड्यांखाली ठेवली. मामींना अजून सांगितलेलं नाही.